छोटी चक्की रिकामी, तरी तुमचा डबा रांगेत का?

गिरणीत उभ्या असलेल्या ग्राहकांचा हा नेहमीचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. म्हणून आमचा हिशोब तुमच्यासमोर मांडतो.

आमची मोठी चक्की 5 किलो गहू साधारण 5 मिनिटांत दळते. छोटीला तेवढ्याच गव्हाला 20 मिनिटं लागतात. समजा, मोठीवर एक दळण नुकतंच चढलंय आणि पुढचा नंबर तुमचा आहे. थांबलात तर 10 मिनिटांत पीठ हातात येतं. छोटीवर घातलं तर 20 मिनिटं, आणि तुमच्या मागून आलेले तुमच्या आधी घरी जातात.

चालू दळण धरून चार डबे झाले की मात्र गणित बदलतं. चौथ्या डब्याला दोन्हीकडे 20 मिनिटंच लागणार. तो छोटीवर गेला, तर त्याच्या मागच्या प्रत्येकाची 5 मिनिटं वाचतात. म्हणून आम्ही छोटी चक्की तेव्हाच चालू करतो. 1984 साली लिन आणि कुमार या संशोधकांनी असमान वेगाच्या दोन यंत्रांबद्दल हेच गणिताने सिद्ध केलं: वेगवान यंत्र कधी रिकामं ठेवू नये, संथ यंत्राला रांग ठरावीक लांबीपुढे गेल्यावरच काम द्यावं.

दिवाळीच्या आधी माणसं सारखी येत राहतात. तेव्हा तिसराच डबा छोटीवर घालणं सगळ्यांच्या सोयीचं ठरतं, पण त्या एकाची 5 मिनिटं जातात. ती कुणाची जावीत, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. म्हणून डबा ठेवून संध्याकाळी नेणाऱ्यांचं दळण आम्ही छोटीवर घेतो. त्यांचं काहीच अडत नाही.

मोठी चक्की आणखी जोरात का चालवत नाही? पीठ तापतं, करपल्याचा वास येतो. वेग टिकवायचा तर दगडाला वेळेवर टाकी लावणं, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने पुन्हा खरखरीत करणं, हाच खरा उपाय. तीही आधी मोठीला लावतो, कारण तिचा वेग दहा टक्क्यांनी वाढला तर तासाला सहा किलो जास्त निघतं, छोटीचा वाढला तर जेमतेम दीड किलो.

उपासाचं दळण मात्र रांग असो वा नसो, छोटीवरच होईल.

डबा ठेवून जाणार असाल तर आल्याबरोबर सांगा. चिठ्ठीवर नाव, धान्य, जाड की बारीक आणि न्यायची वेळ लिहा.