छर्रा तीस मीटरनंतर कुठे जातो?

एअर रायफलने ससा किंवा रानकबुतर टिपायचं तर किती अंतरावरून? जिथे अशी शिकार कायदेशीर आहे त्या इंग्लंडात जाणकारांचं उत्तर साधारण २० ते ३५ मीटर असं असतं. तिथे विनापरवाना रायफलची ताकद जास्तीत जास्त १२ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६ ज्यूल. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे कोकणातल्या सशावर किंवा कवड्यावर छर्रा झाडणं हा गुन्हा आहे, त्यामुळे पुढचं सगळं गणित कागदी निशाण्यासाठीच. पण ही अंतराची मर्यादा कशी आली ते समजून घेण्यासारखं आहे. ती बंदुकीच्या पल्ल्यावरून ठरलेली नाही. वर रोखलेला छर्रा अडीचशे मीटरच्याही पुढे जाऊन पडतो.

४.५ मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमहून थोडा जड छर्रा घ्या. नळीतून सुटताना वेग सेकंदाला सुमारे २४० मीटर. कमरेत बारीक आणि मागे घागऱ्यासारखा पसरट असल्याने तो सरळ जातो, पण त्याच आकारामुळे हवा त्याला फार अडवते. ३० मीटरवर वेग २०५ च्या आसपास उरतो आणि पाव भाग ऊर्जा गेलेली असते. तोवर तो नळीच्या रेषेखाली ९ सेंटिमीटर उतरलेला असतो, ४० मीटरवर १७ आणि ५० वर जवळपास २८. उतार अंतराच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून झपाट्याने वाढतो. सगळी मेख इथे आहे.

नळीच्या ४ सेंटिमीटर वर दुर्बीण बसवून नेम ३० मीटरला जुळवला, तर १० मीटरवर छर्रा अर्धा सेंटिमीटर खाली लागतो, २० वर जेमतेम एक सेंटिमीटर वर. म्हणजे इतक्या टप्प्यात अंतराचा अंदाज चुकला तरी चालतं. पण ४० मीटर असताना ३० समजलात, तर छर्रा साडेतीन सेंटिमीटर खाली जातो. सशाचा मर्मभाग जेमतेम तीन सेंटिमीटर रुंद. तेवढ्या चुकीने जनावर मरत नाही, जखमी होऊन झुडपात शिरतं. म्हणूनच तिथले जबाबदार शिकारी ३५ च्या पुढे जात नाहीत.

आपल्या किनाऱ्यावर दुसरा शत्रू म्हणजे खारा वारा. दुपारी तो ताशी १४ किलोमीटरने आडवा वाहत असेल तर १० मीटरवर छर्रा चार-पाच मिलिमीटर सरकतो, ३० मीटरवर जवळजवळ ४ सेंटिमीटर, ४० वर ७. नळीजवळचा वारा जास्त घात करतो, कारण तिथे बसलेला तिरका धक्का पुढच्या सगळ्या वाटेवर वाढत जातो. निशाण्यामागची पानं हलताहेत का, एवढंच पाहून भागत नाही. सराव सकाळी लवकर करावा, खारे वारे सुटायच्या आधी.

अंतराचा डोळा तयार करायला हापूसची बाग बरी. नीट आखलेल्या जुन्या बागेत कलमं १० बाय १० मीटरवर असतात, म्हणजे पहिल्या झाडापाशी उभं राहिलं की चौथं झाड ३० मीटरवर. आधी अंदाज बांधा, मग टेपने मोजा. प्रत्येक अंतरावर पाच छर्रे झाडा आणि पुंजक्याचा मध्य वहीत लिहा. स्प्रिंगची रायफल वाळूच्या पिशवीवर दाबून धरू नका. स्प्रिंग सुटताना ती मागे-पुढे हलते आणि घट्ट धरली की पुंजका फुटतो. उघड्या तळहातावर, सैल टेकवावी.

खाऱ्या हवेने नळी गंजते, म्हणून बाहेरून तेलाच्या फडक्याने पुसावी. पण आत तेल सोडू नये. पिस्टनने दाबलेली हवा इतकी तापते की तेल पेटतं, वेग एकदम वाढतो आणि एकच छर्रा भलत्याच जागी वर लागतो. सील खराब होतं ते वेगळंच.

निशाणा चिऱ्याच्या गडग्यावर कधीच ठेवू नये. टणक चिऱ्यावरून छर्रा उलटा येतो, डोळ्यावरही येऊ शकतो. जाड लाकडी पेटीत कोरडी वाळू ठासून भरा, तोंडावर पुठ्ठा लावा, कागद त्यावर चिकटवा. पेटीमागे वाट, विहीर किंवा शेजाऱ्याचं परसू नसावं.