डोपामिन शोधताना आडवं येणारं क जीवनसत्त्व

आईच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीवर गाठ असल्याची शंका आली, तेव्हा चोवीस तासांच्या लघवीचा कॅन मी कोथरूडहून लॅबपर्यंत स्कूटरवर पायांत धरून नेला. आत आम्ल घातलेलं, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला जीव वरखाली. लघवीत मोजायची ती अ‍ॅड्रेनलिन, डोपामिन या एकाच कुळातली रसायनं हवेत लवकर बिघडतात, म्हणून ते आम्ल. मोजायला पुन्हा मोठं, महागडं यंत्र लागतं. रक्तातली साखर मोजतात तशा साध्या पट्टीवर हे का होत नाही?

चेतातंतू रसायनांतून बोलतात हे ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयांवर दाखवलं. ती रसायनं विजेने मोजता येतील, हे कॅन्सस विद्यापीठातल्या राल्फ अ‍ॅडम्स यांनी मनावर घेतलं. कार्बनवर थोडा विद्युतदाब दिला की डोपामिन इलेक्ट्रॉन सोडतं. तो प्रवाह मोजायचा. १९७३ मध्ये त्यांच्या गटाने उंदराच्या मेंदूत कार्बनचा इलेक्ट्रोड, म्हणजे विद्युतदाब देऊन प्रवाह मोजणारं टोक, बसवलं. संकेत मिळाला, पण त्यात मोठा वाटा क जीवनसत्त्वाचा असल्याचं पुढे कळलं! तेही जवळपास त्याच दाबाला इलेक्ट्रॉन सोडतं आणि शरीरात डोपामिनच्या हजारो पट असतं. या क्षेत्रातली पुढची बरीच धडपड या दोघांना वेगळं ओळखण्याचीच आहे. १९८०च्या दशकात इलेक्ट्रोडवर नॅफिऑन या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा थर आला. तो ऋणभारित, म्हणून धनभारित डोपामिनला आत घेतो आणि ऋणभारित क जीवनसत्त्वाला दूर लोटतो.

१९९१ मध्ये सुमिओ इजिमा यांनी कार्बन नॅनोट्यूबचं, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचं, वर्णन प्रसिद्ध केलं. पाचच वर्षांनी, १९९६ मध्ये, नॅनोट्यूबच्या इलेक्ट्रोडवर डोपामिन पारखणारा शोधनिबंध आला, आणि त्यात कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले के. एस. व्ही. संथानम होते. हे काम आपल्या इतक्या जवळ झालं, याचा मला फार अभिमान वाटतो. डोपामिनच्या रेणूतलं बेंझिनसारखं कडं नॅनोट्यूबच्या कार्बन-जाळीला सपाट चिकटतं. क जीवनसत्त्वात तसं कडं नाही. त्यामुळे दोघांचे संकेत वेगळे काढणं सोपं होतं. २००४ नंतर ग्राफीन, म्हणजे एका अणूइतका जाड कार्बनचा पापुद्रा, तेही याच कामाला लागलं.

अडचण उरते ती खऱ्या रक्ता-लघवीत. प्रथिनं पृष्ठभागावर बसतात, आणि इलेक्ट्रॉन सोडलेल्या डोपामिनचाच एक चिवट थर इलेक्ट्रोडवर साचतो. मग पुढचा आकडा आधीच्यापेक्षा कमी येतो.