आव, अमिबा आणि आयबीएस

मुंबईत पोटाच्या जुन्या तक्रारीची फाईल साधारण सारखीच दिसते. सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी, शौचाच्या तपासणीचे चार-पाच कागद, आणि सगळ्यांवर 'नॉर्मल'. फाईलवाला मात्र डोंबिवलीहून निघण्याआधी दोनदा संडासला जाऊन येतो आणि वाटेत कळ आलीच तर कुठे उतरायचं हे ठरवूनच गाडीत चढतो. लोकलमध्ये संडास नसतो.

या दुखण्याचं आजचं नाव आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम: तपासणीत काही सापडत नाही, तरी आतडं छळत राहतं. दुखणं नवं नाही. सुश्रुतसंहितेत ग्रहणी या पोटाच्या विकाराच्या वर्णनात 'मुहुर्बद्धं मुहुर्द्रवम्' असे शब्द येतात: कधी घट्ट, कधी पातळ. (ग्रहणी म्हणजेच आयबीएस, असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. ग्रहणीत इतरही बरंच काही मावतं.) 1849 मध्ये कमिंग नावाच्या डॉक्टरने हेच टिपलं, आणि एकाच माणसाला दोन्ही त्रास कसे होतात याचा उलगडा आपल्याला होत नाही, असंही प्रामाणिकपणे लिहून टाकलं. मग 'म्युकस कोलायटिस' हे नाव रुळलं. म्युकस म्हणजे चिकट स्राव, कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याची सूज, आणि सूज तर कुणालाच दिसत नव्हती!

आपल्याकडे मात्र या दुखण्याला नाव मिळालं ते अमिबाचं. 1875 मध्ये सेंट पीटर्सबर्गला लॉश यांना आमांशाच्या रुग्णाच्या शौचात अमिबा सापडला होता. सामायिक संडास आणि भरवसा नसलेलं पाणी असलेल्या चाळींमध्ये हा आजार खराच होता, त्यामुळे डॉक्टरांचा संशय चुकीचा नव्हता. चुकलं ते पुढे. शौचात चिकट पडलं की 'आव', आव म्हणजे अमिबा, आणि गोळ्या घेऊनही बरं वाटलं नाही की 'जुनाट अमिबा'. आमच्या गिरगावच्या चाळीत असे एक काका होते. अमिबावरच्या मेट्रोनिडॅझोल या गोळ्यांचा कोर्स सुरू झाला की तोंड कडवट करून फिरायचे, पंधरा दिवस बरे असायचे, आणि मग पहाटे पुन्हा डबा घेऊन रांगेत पहिले. त्यांच्या रिपोर्टवर खरोखरच 'सिस्ट', म्हणजे अमिबाचं कवचातलं रूप, लिहिलेलं असायचं.

त्या सिस्टचं कोडं सुटायला फार उशीर झाला. 1984 मध्ये दिल्लीच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं की सिस्ट सापडलेल्या बहुतेकांच्या शौचातून ती औषधाशिवायच नाहीशी होते. 1993 मध्ये अमिबाच्या दोन जाती रीतसर वेगळ्या मानल्या गेल्या. एक रोगकारक, दुसरी निरुपद्रवी, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दोघींची सिस्ट हुबेहूब सारखी. काकांनी इतकी वर्षं कुठल्या जातीसाठी गोळ्या घेतल्या, कोण जाणे.

तरी जुन्या पिढीचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. 1962 मध्ये ऑक्सफर्डच्या चौधरी आणि ट्रुलव्ह यांनी 130 रुग्णांचा अभ्यास छापला. त्यातल्या सुमारे चौथ्या हिश्श्याचा त्रास आमांशानंतर सुरू झाला होता. जंतू जातो, पण आतडं हळवं होऊन बसतं.

मनाचा धागा त्याआधीच हाती लागला होता. 1940 च्या दशकात अमेरिकेत थॉमस आल्मी यांनी एका निरोगी विद्यार्थ्याच्या आतड्यात दुर्बीण घातलेली असतानाच त्याला कॅन्सर असल्याचं खोटंच सांगितलं. आतडं तिथल्या तिथे आवळलं. सगळं नाटक होतं हे कळल्यावर ते सैल पडलं. आज कुठलीही नीतीसमिती याला परवानगी देणार नाही. पण 'सगळं तुमच्या मनात आहे' म्हणून रुग्णाला वाटेला लावणाऱ्यांनी हा प्रयोग नीट वाचलेला नसतो. आवळलेलं आतडं खरंच होतं.

1978 मध्ये ब्रिस्टलच्या मॅनिंग यांनी लक्षणांवरून निदान करायची यादी केली, पुढे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेले 'रोम निकष' आले. 2016 पासूनचा नियम असा: त्रास सुरू होऊन सहा महिने झालेले, गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटदुखी, आणि तिचा शौचाशी, शौच किती वेळा होतं यातल्या बदलाशी किंवा घट्ट-पातळपणातल्या बदलाशी संबंध, या तिनांतले किमान दोन. आपल्याकडे हे माप थोडं तोकडं पडतं. रोज जाऊन येणारा माणूसही 'पोट साफ होत नाही' म्हणतो, आणि दुखण्यापेक्षा गॅसबद्दलच जास्त बोलतो.

शौचातून रक्त, घटणारं वजन, ॲनिमिया, रात्री झोपमोड करणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास असेल तर गोष्ट वेगळी. तिथे तपासण्या हव्यातच. आपल्याकडे आतड्याचा टीबीही विसरून चालत नाही. हे काही नसेल, तर मोजक्या रक्ततपासण्यांवर भागतं.

उपचारांत इसबगोल टिकून आहे. 2005 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातून 'फॉडमॅप' आहार आला, म्हणजे आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि आंबून गॅस करणाऱ्या शर्करा टाळायच्या. त्यात कांदा, लसूण, गहू काही आठवडे बंद, मग एकेक करून परत. मराठी स्वयंपाकघरात पहिल्याच दिवशी फोडणी अडते, आणि 'परत' हा भाग बरेच जण विसरून जन्मभर पथ्य पाळत बसतात. 2023 मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत ॲमिट्रिप्टिलिन अगदी कमी मात्रेत उपयोगी ठरलं. मूळचं हे नैराश्यावरचं औषध. केमिस्टकडून घरी येईपर्यंत माणूस मोबाईलवर नाव शोधतो आणि दुसऱ्या दिवशी पाकीट परत घेऊन दवाखान्यात हजर होतो: 'डॉक्टर, मला पोटाचं औषध हवं होतं.'