लो व्हिजन: मुंबईत पुनर्वसन उपचार आणि दिव्यांग प्रमाणपत्र कसे मिळवाल

‘आता चष्म्याने यापेक्षा जास्त दिसणार नाही’ असे डॉक्टरांनी सांगितले की बहुतेक घरांत दवाखाना बंद होतो. तो बंद करू नका. चष्मा लावूनही कमीच राहणाऱ्या, पण पूर्ण न गेलेल्या नजरेला लो व्हिजन म्हणतात. उरलेली नजर कशी वापरायची हे शिकवणारा उपचार असतो आणि तो सुरू करण्यासाठी प्रमाणपत्र लागत नाही. जे.जे., के.ई.एम., नायर किंवा शीव रुग्णालयाच्या नेत्रविभागात केसपेपर काढा आणि लो व्हिजन तपासणीबद्दल विचारा. तिथे सोय नसेल तर कुठे जायचे याची चिठ्ठी मागून घ्या. वरळीच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडकडेही चौकशी करता येईल.

तपासणीत आधी चष्म्याचा नंबर नीट पाहतात. मग तुम्हाला नेमके काय करायचे आहे ते विचारतात: पोथी वाचायची आहे, औषधाची पट्टी ओळखायची आहे की बसचा नंबर? त्यावर साधन ठरते, म्हणून उत्तर घरूनच ठरवून जा. वाचायला भिंग, लांबचे पाहायला छोटी दुर्बीण. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग खराब असेल तर किंचित बाजूने पाहण्याचा सराव करून घेतात. काचबिंदूने नजरेचा घेर आटला असेल तर मान फिरवून पाहण्याचा आणि पांढऱ्या काठीने चालण्याचा. भिंग नुसते विकत आणून भागत नाही, सराव लागतोच. घरात जिन्याच्या पायरीच्या कडेला गडद पट्टी लावली तरी पडण्याचा धोका कमी होतो.

सवलती आणि सरकारी साधनांसाठी मात्र प्रमाणपत्र हवे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर 6/18 पेक्षा कमी (निरोगी डोळ्याला 18 मीटरवरून दिसते ते 6 मीटरवरूनही न दिसणे) आणि 3/60 पर्यंत असेल, किंवा नजरेचा घेर 40 अंशांपेक्षा कमी आणि 10 अंशांपर्यंत असेल, तर ती व्यक्ती लो व्हिजनमध्ये धरली जाते. बहुतेक योजनांना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते. एकच डोळा अधू आणि दुसरा उत्तम असेल तर सहसा तेवढे टक्के भरत नाहीत.

प्रमाणपत्राचा अर्ज केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ पोर्टलवर करायचा. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही किंवा अंगठा आणि डोळ्यांचे जुने रिपोर्ट जोडा, रुग्णालय निवडा आणि पावती जपून ठेवा. तपासणीला मूळ कागद आणि सध्याचा चष्मा न्या. बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काही तास आणखी धूसर दिसते, त्यामुळे लोकलने एकटे परतण्याचा बेत नको.

दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून साधन हवे असेल तर या प्रमाणपत्राबरोबर उत्पन्नाचा दाखलाही लागतो. तो तहसील कार्यालयातून आधीच काढून ठेवा.