पिंपल्सचे खड्डे : फ्रॅक्शनल सीओटू लेझर करावं की एमएनआरएफ?

पिंपल्स गेले तरी खड्डे राहतात. मग स्किन क्लिनिक गाठलं की दोन नावं कानावर पडतात, फ्रॅक्शनल सीओटू आणि एमएनआरएफ. रिसेप्शनवर दोन्हींना सर्रास लेझर म्हणतात आणि पॅकेजही दोन्हींचं तीन-चार सेशनचंच असतं. त्यामुळे बरेच जण दर बघून ठरवून मोकळे होतात. पण दोन्ही यंत्रांची त्वचेवर काम करण्याची रीतच वेगळी आहे. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर चुकीची निवड केली, तर तिचे काळे डाग पुढे महिनोन्‌महिने चेहऱ्यावर वागवावे लागतात.

कार्बन डायऑक्साइड लेझर, म्हणजेच सीओटू, 1964 साली कुमार पटेल यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये तयार केला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याच्या सीओईपीतलं. या लेझरची तरंगलांबी 10,600 नॅनोमीटर असते आणि ती पाण्यात चटकन शोषली जाते. त्वचेत पाणी भरपूर, त्यामुळे किरण जिथे पडतो तिथली त्वचा क्षणात वाफ होऊन उडते. पूर्वी वरचा थर सरसकट असा उडवत असत आणि जखम भरायला कित्येक आठवडे लागत. आता किरण बारीक ठिपक्यांत विभागून टाकतात. दोन ठिपक्यांमधली त्वचा शाबूत राहते आणि तिच्यामुळे जखम लवकर भरते. फ्रॅक्शनल म्हणतात ते यालाच.

एमएनआरएफ म्हणजे मायक्रोनीडलिंग रेडिओफ्रिक्वेन्सी. यात प्रकाशाचा संबंधच नाही. हँडपीसच्या टोकाला बारीक सुयांचा चौकोन असतो, बऱ्याच यंत्रांत 25 किंवा 49 सुयांचा. सुया क्षणभर त्वचेत शिरतात, आत विद्युत ऊर्जा सोडतात आणि बाहेर येतात. किती खोल जायचं हे यंत्रावर ठरवता येतं, साधारण अर्ध्या ते साडेतीन मिलिमीटरपर्यंत. सुयांवर इन्सुलेशन असेल तर ऊर्जा फक्त टोकातून बाहेर पडते, म्हणजे उष्णता आतल्या थरात राहते आणि वरची त्वचा बरीचशी वाचते.

वरची त्वचा वाचते की नाही, याला आपल्याकडे फार महत्त्व आहे. रंग तयार करणाऱ्या पेशी त्वचेच्या बाह्य थराच्या तळाशी बसलेल्या असतात. तिथे भाजलं, सूज आली की त्या जास्तीचा रंग ओतायला लागतात. सीओटूचा किरण नेमका याच थरातून जाळत खाली जातो. दोन्हींची तुलना करणाऱ्या अभ्यासांत खड्ड्यांमधली सुधारणा बऱ्याचदा सारखीच दिसते, पण नंतर काळं पडण्याचं प्रमाण सीओटूत जास्त आढळतं. एमएनआरएफमध्ये ते कमी आहे, अजिबात नाही असं मात्र नाही.

तुमचा धोका किती, याचा अंदाज तुम्हाला घरीच येऊ शकतो. पोळ्या करताना हाताला चटका बसला, डास चावला, पिंपल फुटलं, तर तिथे काळा डाग पडून तो महिनोन्‌महिने हटत नाही का? तसं होत असेल तर डॉक्टरांना हे सगळ्यात आधी सांगा. अशा त्वचेवर मी तरी सीओटूने सुरुवात करू नका असंच म्हणेन.

दुसरी गोष्ट खड्ड्यांच्या आकाराची. खोलीतले वरचे दिवे बंद करा, एका बाजूने टेबललॅम्प किंवा मोबाइलचा टॉर्च धरा आणि आरशात बघा. समोरून प्रकाश पडला की खड्डे लपतात, बाजूने पडला की प्रत्येकाची सावली दिसते. मग गाल दोन बोटांनी हलकेच ताणा. ताणल्यावर जे उथळ, पसरट खड्डे नाहीसे होतात त्यांना आतून तंतूंनी खाली ओढून धरलेलं असतं. ते तंतू सबसिजन करून सुईने सोडवावे लागतात, तोवर कुठल्याही यंत्राचा तिथे पुरेसा उपयोग होत नाही. त्यानंतर एमएनआरएफ चांगलं काम करतं. ताणूनही ज्यांच्या कडा उभ्या, ठसठशीत दिसतात असे चौकोनी-गोल खड्डे हा सीओटूचा खरा प्रांत; कडा झिजवून सपाट करण्यात तो सरस आहे. टाचणी टोचल्यासारखी अरुंद, खोल भोकं मात्र या दोन्हींना दाद देत नाहीत. त्यांच्या तळाशी डॉक्टर तीव्र टीसीए आम्लाचा थेंब टोकदार काडीने लावतात. ते आम्ल ऑनलाइन मागवून घरी लावायचा विचारही करू नका.

बहुतेक चेहऱ्यांवर तिन्ही प्रकारचे खड्डे मिसळलेले असतात. ते बाजूच्या प्रकाशात न तपासताच कोणी पॅकेज सांगत असेल, तर तिथून उठावं. आणि बोटाला सपाट लागणारे लाल-तपकिरी डाग म्हणजे खड्डे नव्हेत. त्यांच्यासाठी सनस्क्रीन, क्रीम आणि धीर लागतो.

सुटीचा हिशोबही वेगळा. बधिर करणारं क्रीम दोन्हींत पाऊण-एक तास लावून ठेवतात. सीओटूनंतर चेहरा लाल होतो, सुजतो, मग बारीक ठिपक्यांच्या खपल्या धरतात आणि गालावरून हात फिरवला की खरखरीत लागतं. या खपल्या आपोआप गळू द्यायच्या, नखाने काढल्या की डाग ठरलेला. पाच ते सात दिवस ऑफिस विसरायचं. एमएनआरएफनंतर लाली बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते. उन्हापासून दोन्हींनंतर कडक जपावं लागतं, म्हणून रोज टू-व्हीलरवरून फिरणाऱ्यांनी मार्च ते मे टाळावा. लग्नाच्या पंधरा दिवस आधी सीओटू तर मुळीच नको.

मोठ्या पोअर्सबद्दल, म्हणजे त्वचेवरच्या छिद्रांबद्दल, थोडंच सांगण्यासारखं आहे. ती बंद होत नाहीत. आजूबाजूचं कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारं प्रथिन, घट्ट झालं की लहान दिसतात, इतकंच. तेवढ्यासाठीच जाणार असाल तर आधी काही महिने रेटिनॉइड क्रीम डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरून बघा. मग हवंच वाटलं तर एमएनआरएफ. नुसत्या पोअर्ससाठी सीओटूची जोखीम मला पटत नाही.

पेसमेकर असेल तर एमएनआरएफ चालत नाही. ओठांवर वारंवार हर्पिसचे फोड येत असतील तर सीओटूआधी त्याच्या गोळ्या सुरू कराव्या लागतात. केलॉइड (जखमेचा व्रण फुगून वाढणं) होण्याची प्रवृत्ती, गरोदरपण, पिंपल्ससाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, हे काहीही लपवू नका. गोरेपणासाठी मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइडचं क्रीम वापरत असाल तर तेही सांगा, त्याने त्वचा पातळ झालेली असते. चेहऱ्यावर पिंपल्स अजून येत असतील तर आधी ते आटोक्यात आणायचे.

एमएनआरएफ सुरक्षित आहे म्हणून कुणीही करावं असं नाही. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर 2025 मध्ये या यंत्रांबद्दल इशारा दिला. भाजणं, व्रण पडणं, चेहऱ्यावरची चरबी कमी होणं, नसांना इजा होणं अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. त्यामुळे हँडपीस कोणाच्या हातात असणार, हे विचाराच. एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल झालेले त्वचारोगतज्ज्ञ स्वतः करणार असतील तरच हो म्हणा. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा.

पूर्ण पॅकेजचे पैसे आधी भरू नका. कानापुढे किंवा जबड्याच्या कडेला छोटा टेस्ट पॅच करून घ्या, चार ते सहा आठवडे त्याचा रंग बघा, आणि मगच पहिलं सेशन. खड्ड्यांचा निकाल लावायची घाई मात्र नको. कोलॅजन हळूहळू तयार होतं, शेवटच्या सेशननंतरही तीन ते सहा महिने फरक पडत राहतो. पहिल्या दिवशी बाजूच्या प्रकाशात काढलेला फोटो जपून ठेवा आणि तुलना त्याच दिव्यात, त्याच कोनातून काढलेल्या फोटोशीच करा.