व्हिडिओ चित्रीकरणातील डेटा दर आणि साठवणुकीचा अंदाज

व्यावसायिक कॅमेरा दर सेकंदाला जितकी माहिती कार्डावर लिहितो, त्याला डेटा दर किंवा बिटरेट म्हणतात. या दराला चित्रीकरणाच्या एकूण वेळेने गुणले की लागणारी जागा कळते. शूटच्या आधी कार्डे, हार्ड डिस्क आणि बॅकअपची तजवीज करण्यासाठी हा हिशोब मांडतात. गणित साधेच आहे. चुका होतात त्या एककांत आणि गृहीत धरलेल्या गोष्टींत.

दर मेगाबिटमध्ये सांगतात, जागा मात्र गिगाबाइटमध्ये मोजतात. आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे सेकंदाला १ मेगाबिट या दराने तासाभरात ४५० मेगाबाइट साठतात. म्हणजेच बिटरेटला ०.४५ ने गुणले की एका तासाचे जीबी थेट हाती येतात. एक्सडीकॅम एचडी४२२ या सोनीच्या रेकॉर्डिंग फॉरमॅटचा दर ५० मेगाबिट, म्हणून तासाला २२.५ जीबी. आवाजाचे ट्रॅक वेगळे धरावे लागतात, पण ४८ किलोहर्ट्‌झ, २४-बिट ध्वनीचा एक ट्रॅक तासाला जेमतेम अर्धा जीबी घेतो.

कॉम्प्रेशन नसलेल्या चित्राचा दर मुळापासून काढता येतो. १९२० × १०८० च्या फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात. १०-बिट ४:२:२ पद्धतीत प्रत्येक पिक्सेलची उजळता स्वतंत्र नोंदवतात, रंगाची माहिती मात्र शेजारशेजारचे दोन पिक्सेल वाटून घेतात. सरासरी एका पिक्सेलला २० बिट पडतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर सुमारे १,०३७ मेगाबिट, म्हणजे तासाला ४६७ जीबी. यूएचडीमध्ये (३८४० × २१६०) पिक्सेल चौपट, म्हणून तासाला १.८७ टीबी. एवढा बोजा क्वचितच कोणी उचलतो. प्रोरेस हा ॲपलचा कॉम्प्रेशन फॉरमॅट. त्याचा ४२२ एचक्यू प्रकार याच एचडी चित्राला १८४ मेगाबिटांत बसवतो, साधा प्रोरेस ४२२ सुमारे १२२ मध्ये आणि प्रॉक्सी हा सर्वांत हलका प्रकार ३८ मध्ये.

प्रोरेसचे हे आकडे लक्ष्यदर आहेत. त्याचा बिटरेट बदलता असल्याने सपाट भिंतीसमोरची मुलाखत कमी जागा घेते, तर पानापानांत हलणारे झाड जास्त. अंदाज करताना छापील आकडाच धरावा, वाचली जागा तर वाचली. फ्रेमदर वाढला की प्रोरेससारख्या प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवणाऱ्या फॉरमॅटचा दर त्याच पटीत चढतो. १०० फ्रेमवर घेतलेला स्लो मोशन शॉट २५ फ्रेमच्या चौपट जागा खातो. लाँग-जीओपी, म्हणजे काही फ्रेम पूर्ण आणि बाकीच्यांचा फक्त फरक साठवणाऱ्या फॉरमॅटना हे प्रमाण जसेच्या तसे लागू होत नाही.

कार्डाची क्षमता आणि वेग यांत गल्लत फार होते. व्ही९० या वेगश्रेणीचे कार्ड सलग लेखनासाठी सेकंदाला किमान ९० मेगाबाइटची हमी देते. यूएचडी, २५ फ्रेम, प्रोरेस ४२२ एचक्यूला ७३७ मेगाबिट, म्हणजे ९२ मेगाबाइट लागतात. कार्ड रिकामे असले तरी ही हमी अपुरी आहे. पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग बहुधा वाचनाचा असतो, शिवाय कमाल. त्यावर विसंबू नये.

समजा दोन कॅमेरे, रोज प्रत्येकी चार तास, दहा दिवस, यूएचडी प्रोरेस ४२२ मध्ये चालले. दर ४९२ मेगाबिट, तासाला २२१ जीबी. ८० तासांचे १७.७ टीबी. दोन प्रती ठेवल्या तर ३५ टीबी, तीन ठेवल्या तर ५३. अंदाजपत्रकात बहुधा पहिलाच आकडा लिहिलेला असतो. येथे तयार चित्रपटाची लांबी कामाची नाही, कॅमेरा प्रत्यक्षात किती वेळ चालू राहिला ते धरायचे. त्यातच डिस्कवरचा १ टीबी दशमान पद्धतीचा (१,००० जीबी) असतो आणि विंडोज १,०२४ च्या पटीत मोजून तो ९३१ जीबी दाखवते. डिस्क गच्च भरणेही टाळावे. फिरत्या हार्ड डिस्कचा वेग शेवटच्या भागात बराच उतरतो.

प्रत काढायला लागणारा वेळही याच गणितातून निघतो. सेकंदाला २०० मेगाबाइटच्या वेगाने १ टीबी उतरवायला ८३ मिनिटे लागतात. वरच्या उदाहरणात दिवसाला १.७७ टीबी जमते, म्हणजे एका प्रतीलाच जवळपास अडीच तास. प्रत मूळ फाइलशी चेकसमने, म्हणजे फाइलमधील डेटावरून काढलेल्या पडताळणी-आकड्याने, जुळवून पाहायची तर त्याहून जास्त. दीर्घकालीन जतनासाठी एलटीओ ही डेटा साठवणारी चुंबकीय टेप वापरतात. एलटीओ-९ टेपमध्ये कॉम्प्रेशनशिवाय १८ टीबी मावतात, त्यामुळे हे सगळे फुटेज एका टेपवर जेमतेम बसते.