शेंगेन व्हिसा

युरोपातील २९ देशांच्या सामायिक क्षेत्रात पर्यटन, नातेवाइकांची भेट, व्यावसायिक बैठका, परिषदा अशा थोड्या दिवसांच्या कामासाठी जाण्याचा परवाना. यांपैकी कोणताही एक देश तो देतो आणि बाकीचे देश तो मान्य करतात. बाहेरची सीमा ओलांडली की आतल्या सीमांवर सहसा पासपोर्ट पाहिला जात नाही. लिस्बनला उतरलेला प्रवासी त्याच परवान्यावर फिनलंडपर्यंत जाऊ शकतो. मात्र हा परवाना प्रवेशाची हमी देत नाही आणि नियमावली एकच असली तरी अर्जावर निर्णय देणारी कचेरी प्रत्येक देशाची वेगळी असते. या व्हिसाबाबतचे बरेचसे गैरसमज या दोन गोष्टी न कळल्यामुळे होतात.

१४ जून १९८५ रोजी बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि तत्कालीन पश्चिम जर्मनी या पाच देशांनी आपसातील सीमांवरची तपासणी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करार केला. मोझेल नदीवर, लक्झेंबर्गमधील शेंगेन या छोट्या गावापाशी, ‘प्रिन्सेस मारी-आस्त्रिद’ नावाच्या बोटीवर सह्या झाल्या. लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि जर्मनी यांच्या हद्दी तिथे मिळतात. आतली दारे उघडायची तर बाहेरचे दार सगळ्यांनी मिळून राखायला हवे, कारण एका देशाने आत घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी शेजारच्या देशात असणार. त्यामुळे १९ जून १९९० च्या अंमलबजावणी करारात सामायिक व्हिसा आणि ज्यांना प्रवेश द्यायचा नाही अशांची सामायिक नोंद या दोन्ही गोष्टी आल्या. २६ मार्च १९९५ पासून सात देशांत हा करार प्रत्यक्ष लागू झाला. तोवर स्पेन आणि पोर्तुगाल सामील झाले होते. १९९९ मध्ये ॲम्स्टरडॅम तहामुळे ही सगळी व्यवस्था युरोपीय संघाच्या कायद्याचा भाग बनली. आज अर्जाचे नियम २००९ च्या व्हिसा संहितेत आणि सीमेवरचे नियम २०१६ च्या सीमा संहितेत आहेत.

शेंगेन क्षेत्र आणि युरोपीय संघ यांची हद्द एक नाही. आइसलंड, नॉर्वे, स्वित्झर्लंड आणि लिख्टेनस्टाइन हे संघाबाहेरचे चार देश शेंगेनमध्ये आहेत. संघात असूनही आयर्लंड आणि सायप्रस नाहीत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ रोजी आला. बल्गेरिया आणि रोमानिया यांना मार्च २०२४ मध्ये हवाई आणि सागरी मार्गांपुरता आणि १ जानेवारी २०२५ पासून जमिनीवरच्या सीमांसह पूर्ण प्रवेश मिळाला. आयर्लंडसाठी वेगळा व्हिसा लागतो. सायप्रस मात्र दोनदा किंवा अनेकदा प्रवेशाचा शेंगेन व्हिसा आपल्या बाजूने मान्य करतो.

कोणत्या देशाच्या नागरिकांना व्हिसा लागतो आणि कोणाला नाही, याच्या याद्या संघ ठरवतो; एकट्या सदस्य देशाला त्या बदलता येत नाहीत. भारत व्हिसा लागणाऱ्यांच्या यादीत आहे. व्हिसामुक्त देशांच्या नागरिकांसाठी ‘एटियास’ ही आगाऊ ऑनलाइन मंजुरी आखलेली आहे. तिचे शुल्क आधी ७ युरो ठरले होते, २०२५ मध्ये ते २० युरो करण्यात आले. एटियास म्हणजे व्हिसा नव्हे आणि ज्यांना व्हिसा लागतो त्यांचा तिच्याशी संबंध नाही.

अर्ज कुठे करायचा हे प्रवाशाने आपल्या सोयीने ठरवायचे नसते. प्रवासाचा मुख्य देश जो असेल, म्हणजे जिथे जास्त दिवस राहायचे किंवा जिथले काम हे प्रवासाचे खरे कारण आहे, त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो. दोन-तीन देशांत सारखेच दिवस असतील तर ज्या देशातून प्रथम आत शिरायचे तो देश. एखाद्या देशाकडून व्हिसा ‘लवकर मिळतो’ असे ऐकून तिथे अर्ज करायचा आणि फिरायचे दुसरीकडे, हा मार्ग बराच लोकप्रिय आहे आणि धोक्याचाही; हेतू खोटा दाखवला असे ठरल्यास दिलेला व्हिसा रद्द होऊ शकतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करता येतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध असावा आणि त्यात किमान दोन पाने कोरी असावीत. वैद्यकीय उपचार, रुग्णालय आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च भागवणारा, निदान ३०,००० युरोंचा आणि पूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा प्रवास विमा लागतो. ११ जून २०२४ पासून शुल्क ९० युरो आहे. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो, त्याहून लहानांसाठी काही नाही. अनेक ठिकाणी अर्ज वकिलातीऐवजी खासगी केंद्रांत स्वीकारले जातात. तिथे सेवाशुल्क वेगळे पडते. निर्णय मात्र केंद्राच्या हातात अजिबात नसतो, त्यामुळे तिथल्या कर्मचाऱ्याने दिलेल्या दिलाशाला काही अर्थ नाही.

पहिल्या अर्जाच्या वेळी दहा बोटांचे ठसे घेतले जातात. ते व्हिसा माहिती प्रणालीत साठवले जातात आणि साधारणपणे ५९ महिने पुन्हा द्यावे लागत नाहीत. बारा वर्षांखालील मुलांना ठशांतून सूट आहे.

खरी परीक्षा इतर कागदांची असते: राहण्याची सोय, खर्चाची तरतूद, प्रवासाचा आराखडा आणि परत येण्याची कारणे, म्हणजे नोकरी, व्यवसाय, शिक्षण, कुटुंब, मालमत्ता. नियम कागदांची नावे सांगतो. तपासणारा अधिकारी ते कागद एकमेकांशी जुळतात का ते पाहतो. पगार आणि प्रवासाचा खर्च यांचा मेळ बसत नसेल किंवा अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक मोठी रक्कम आली असेल, तर जाडजूड फाइलही उपयोगी पडत नाही. निर्णय १५ दिवसांत अपेक्षित असतो, अधिक तपासणी लागल्यास ४५ दिवसांपर्यंत जातो. नकार ठरावीक छापील नमुन्यावर कारणासह कळवावा लागतो. ‘मुदत संपण्यापूर्वी परतण्याच्या इराद्याबाबत रास्त शंका’ हे त्यातले एक कारण, आणि त्याला उत्तर देणे सर्वांत अवघड. ज्या देशाने नकार दिला त्याच्याच कायद्यानुसार अपील करता येते. शुल्क परत मिळत नाही.

पासपोर्टमध्ये चिकटवलेल्या व्हिसाच्या स्टिकरवरच्या दोन आकड्यांत लोक नेहमी गफलत करतात. ‘पासून–पर्यंत’ या तारखा म्हणजे व्हिसा वापरण्याची खिडकी. ‘मुक्कामाचे दिवस’ हा त्या खिडकीत प्रत्यक्ष राहण्याचा हक्क. प्रवासाच्या तारखा पुढे-मागे झाल्या तर अडचण येऊ नये म्हणून खिडकीत सहसा १५ दिवसांची सवलत धरलेली असते. दहा दिवसांच्या मुक्कामासाठी पंचवीस दिवसांची खिडकी दिसली, तरी राहायचे दहाच दिवस.

अनेकदा प्रवेशाच्या व्हिसाला आणि व्हिसामुक्त प्रवाशांनाही ९०/१८० चा नियम लागू आहे: कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. हे १८० दिवस वर्षारंभी किंवा पहिल्या प्रवेशापासून सुरू होत नाहीत. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी त्या दिवसासह मागे १८० दिवस मोजायचे असतात. आत शिरल्याचा आणि बाहेर पडल्याचा, दोन्ही दिवस धरले जातात. समजा कोणी १ मार्च ते २९ एप्रिल २०२६ असे ६० दिवस राहिला. तो १ जूनला परत आला, तर ३० जूनला ९० भरतात आणि त्याच दिवशी निघावे लागते. पण तोच १ ऑगस्टला आला तर? त्या दिवशी हिशेबात ३०च दिवस उरलेले दिसतात. मात्र २८ ऑगस्टपासून मार्चमधला एकेक जुना दिवस १८० च्या बाहेर पडू लागतो आणि नवा दिवस त्याची जागा घेतो. हिशेब २६ ऑक्टोबरपर्यंत ८७ वरच राहतो. व्हिसाची मुदत असेल तर त्याला सलग २९ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पूर्ण ९० दिवस राहता येते. युरोपीय आयोगाने यासाठी ऑनलाइन गणकयंत्र ठेवले आहे आणि ते वापरावे. बोटांवरच्या हिशेबात फसलेले लोक पुष्कळ.

व्हिसा हाती असूनही सीमेवरचा अधिकारी प्रवासाचा हेतू, मुक्कामाचा पत्ता, पैशांची तरतूद विचारू शकतो आणि समाधान न झाल्यास परत पाठवू शकतो. म्हणून हॉटेलचे आरक्षण, विमा आणि परतीचे तिकीट हातातल्या पिशवीत ठेवलेले बरे. सामानात गेलेले कागद खिडकीशी उभे असताना कामाचे नाहीत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवरील शिक्क्यांची जागा टप्प्याटप्प्याने प्रवेश-निर्गमन प्रणाली घेऊ लागली. तिच्यात येण्याजाण्याच्या नोंदी चेहऱ्याच्या छायाचित्रासह होतात. पुसट शिक्क्यामुळे जादा मुक्काम नजरेतून सुटण्याची शक्यता त्यामुळे जवळपास उरली नाही. आतल्या सीमाही नेहमी मोकळ्या नसतात: सुरक्षेच्या कारणास्तव तात्पुरती तपासणी परत आणण्याची मुभा देशांना आहे. फ्रान्सने ती २०१५ पासून वारंवार वाढवली आहे आणि जर्मनीने सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या सर्व भूसीमांवर लावली. रेल्वेने देश बदलतानाही पासपोर्ट जवळ हवाच.

नियम पाळून केलेल्या आधीच्या प्रवासांचा पुढच्या अर्जाला फायदा होतो. एप्रिल २०२४ मध्ये भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी याची वेगळी पायरी ठरली: मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा रीतसर वापरले असतील तर दोन वर्षांचा, आणि त्यानंतर सहसा पाच वर्षांचा अनेकदा प्रवेशाचा व्हिसा, पासपोर्टची मुदत तितकी उरली असेल तर.

आतापर्यंत सांगितला तो ‘सी’ प्रकार. ‘ए’ प्रकार फक्त विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय भागातून विमान बदलण्यासाठी आहे आणि ठरावीक देशांच्या नागरिकांनाच लागतो. अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका सामायिक यादीत आहेत. शिक्षण, नोकरी किंवा कुटुंबासोबत ९० दिवसांहून अधिक राहायचे असेल तर संबंधित देशाचा ‘डी’ व्हिसा घ्यावा लागतो. त्याचे नियम राष्ट्रीय आहेत, पण त्यावर इतर शेंगेन देशांत ९०/१८० च्या मर्यादेत फिरता येते.

नकाशावर युरोपीय देशाचा भाग दिसणारा प्रत्येक प्रदेश या क्षेत्रात येत नाही. स्पेनची कॅनरी बेटे आत आहेत. ग्रीनलंड, फेरो बेटे आणि नॉर्वेचे स्वालबार्ड बाहेर. एकदाच प्रवेशाच्या व्हिसावर ऑस्लोहून स्वालबार्डला गेलेल्या प्रवाशाचा तो प्रवेश संपतो, आणि नॉर्वेच्याच भूमीवरून नॉर्वेत परतायला त्याला दुसरा प्रवेश लागतो.